फोनवर सांगायचं राहिलेलं

कन्नमवार नगर, विक्रोळी
रविवार, रात्र

प्रिय आई आणि बाबा,

सप्रेम सलाम.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "तुझ्या कामावर लोकांना कळतं का गं, तू ख्रिस्ती आहेस ते?" मी "बोलते नंतर" म्हणून फोन ठेवला. नंतर बोलणं काही झालं नाही. झालं असतं तरी बाबांनी स्पीकर लावला असता, तुम्ही दोघं एकदम बोलला असतात आणि माझं राहूनच गेलं असतं. पत्रात मध्येच बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

नावावरून कुणाला कळत नाही. हेल्मेटवर नुसतं 'करुणा' लिहिलंय. डिसेंबर उजाडला की पोरं "मॅडम, केक?" म्हणून विचारतात, तेवढ्यापुरतं कळतं. पण तुला हे विचारायचं नव्हतं, हे मला ठाऊक आहे.

मी नक्की काय काम करते हे तुम्हांला नीट सांगितलंच नाही कधी. बाबा चर्चच्या मंडळीत सांगतात, "मुलगी इंजिनियर आहे, टॉवर बांधते." बाबा, मी बांधत काही नाही. बांधणाऱ्यांच्या मागे उभी राहून तपासते, म्हणून कुणाला फारशी आवडत नाही. काँक्रीट प्लँटवरून मिक्सरच्या गाडीत येतं. गाडी गेटवर आली की आधी चलन बघायचं, माल किती वाजता भरला ते. मग पत्र्याचा ३० सेंटिमीटर उंच शंकू थराथराने भरायचा, प्रत्येक थर सळईने ठोसायचा, शंकू सरळ वर उचलायचा आणि आतला ढीग किती खाली बसला ते मोजायचं. याला स्लंप म्हणतात. त्याच मालाचे १५ सेंटिमीटरचे ठोकळे, म्हणजे क्यूब, भरायचे. ते पाण्याच्या टाकीत ठेवायचे आणि ७ दिवसांनी काही, २८ दिवसांनी काही, असे मशीनमध्ये दाबून फोडायचे. किती दाबाला फुटले ते नोंदवहीत लिहायचं. नोकरी एवढीच.

आता यात लबाडी कुठे, तर पाण्यात. गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली की माल घट्ट होतो, पंपातून पळत नाही. मग ड्रायव्हर, पंपवाला, मुकादम सगळ्यांना एकच उपाय सुचतो, "मॅडम, थोडं पाणी मारू द्या." पाणी मारलं की माल सुळसुळीत होतो, काम आटपतं, सगळे घरी जातात. पण ते जास्तीचं पाणी पुढे सुकून जातं आणि त्याच्या जागी बारीक बारीक पोकळ्या राहतात. मुंबईची खारी हवा त्यातून आत शिरते, सळई गंजते, गंजली की फुगते. मग कैक वर्षांनी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात छताचा पोपडा सुटून खाली येतो. तोवर नोंदवही कुठल्या कुठे गेलेली असते, आणि त्या नोंदवहीत क्यूब पास असतात, कारण काही ठिकाणी क्यूबपुरता माल वेगळा, सिमेंट चढं घालून भरतात. हे धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. त्यावर कुणी बोलत नाही, एवढंच.

मे महिन्यातली एक रात्र सांगते. स्लॅब चालू होता. शेवटून दुसरी गाडी हायवेला अडकली आणि फार उशिरा आली. शंकू उचलला तर ढीग खाली बसायचं नावच घेईना. प्लँटच्या माणसाने केमिकलचा डोस घालून ड्रम फिरवून बघितला, पण वेळ टळून गेली होती. ड्रायव्हर पोरगेलासाच होता, पाण्याचा पाइप हातात घेऊन शिडीवर चढलेला. मी नाही म्हटलं आणि गाडी परत करायला सांगितली. वरचे साहेब फोनवर ओरडले. ओरडू देत. माझा पगार एक तारखेला व्हायचा तो झालाच.

तुम्ही म्हणाल, शाब्बास पोरी. मंडळीत साक्ष द्यायला उभी राहिले असते तर गोष्ट इथेच संपवली असती. पण खरी गोष्ट त्यापुढे आहे. तो पोरगा खाली उतरला आणि गाडीच्या पायरीवर बसला. परत गेलेल्या गाडीचा खेपेचा भत्ता त्याला मिळत नाही. वर मालाचे पैसेही कापतील म्हणाला. शिवाय तेवढा माल ड्रममध्ये घट्ट झाला, तर दुसऱ्या दिवशी त्यालाच छिन्नी-हातोडा घेऊन ड्रमच्या आत उतरावं लागणार. बाबा, मे महिन्यात त्या लोखंडी ड्रमच्या आत काय होत असेल, याचा तुम्हीच विचार करा. हायवे त्याने अडवला नव्हता. पाणी घालायचं नाही हे बरोबर होतं, आणि त्याचा दंड ज्याच्या हातात काहीच नव्हतं त्याने भरायचा होता.

नाही म्हणायला मला क्षणभर लागला होता. बाकीची रात्र त्या 'नाही'चं काय करायचं यात गेली. साइटच्या मागे कच्च्या रस्त्याला खड्डे पडले होते, तिथे तो माल ओतून घेतला. मुकादम कुरकुरला, पण फावडं घेऊन आला. चलनावर गाडी भरल्याची वेळ, गेटवर आल्याची वेळ, हायवेची कोंडी असं सगळं लिहिलं, खाली 'चालकाची चूक नाही' म्हणून सही केली. मग प्लँटवर फोन लावला आणि झोपेतल्या माणसाशी भांडले. पुढच्या खेपेला पोरगा आला तेव्हा सांगत होता, भत्ता मिळाला. अर्धाच.

मुकादमाने त्यानंतर एक विनोद काढलाय. नवीन ड्रायव्हर आला की तो सांगतो, "मॅडमच्या धर्मात काँक्रीटला पाणी चालत नाही." तेव्हा आई, कळतं हो लोकांना.

मला तुम्हांला जे सांगायचंय ते या रात्रीत आहे, पण त्याचं मूळ आपल्या घरात आहे. रविवारच्या शब्बाथ शाळेत बाबा बायबलातल्या जकातदार जक्कयाची गोष्ट सांगायचे तेव्हा आम्हां पोरांना फक्त उंबराचं झाड आठवायचं. बुटका माणूस, झाडावर चढला, प्रभू त्याच्या घरी जेवायला गेला. जेवण झाल्यावर तो हिशेबाला उभा राहिला, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत, हे मोठेपणी लक्षात आलं. त्याच्या विश्वासाची किंमत त्याने स्वतःच्या खिशातून दिली. हे नेहमी होतंच असं नाही. पुष्कळदा विश्वास एकाचा आणि भरणारा दुसरा.

आपल्या नगरकडचंच बघा. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये इथे मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण अजून त्यांची गाणी गातो, बाबांचा तर गळा भरून येतो. पण त्यांच्या त्या निर्णयाची पुढची वर्षं त्यांच्या बायकोने, लक्ष्मीबाईंनी भरली. नवरा असून नसल्यासारखी, पदरात पोर, नातेवाइकांच्या दारात. नंतर त्या आपल्या पायांनी परत आल्या, आपल्या डोक्याने विचार करून ख्रिस्ती झाल्या, आणि हे सगळं इतकं हसतहसत लिहून ठेवलं की वाचणाऱ्याला आधी हसू येतं. टिळक मोठे होतेच. मला मात्र वय वाढत चाललंय तशी लक्ष्मीबाईंची जास्त आठवण येते.

बाबा, तुम्हांला माझ्या शाळेचा दाखला आठवतो? धर्माच्या रकान्यात तुम्ही 'ख्रिस्ती' लिहिलंत, जातीच्या रकान्यातही 'ख्रिस्ती'च. मुख्याध्यापक म्हणाले होते म्हणे, गुरुजी, कागदावर जुनी जात राहू द्या, पोरीचं भलं होईल. तुम्ही ऐकलं नाहीत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीची सवलत हिंदूंपुरती ठेवली, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं, आपण बाहेरच राहिलो. ज्या वस्तीतून आपले पणजोबा आले ती वस्ती आणि तिथला पाणवठा गाव विसरलं नव्हतं. सरकारी कागदाने मात्र विसरायचं ठरवलं. इंजिनियरिंगची फी भरायची वेळ आली तेव्हा ती कुणी भरली? आईने. रात्र रात्र मशीनवर बसून शाळेचे गणवेश शिवले तिने, पायाला गोळे येईपर्यंत. तुम्ही खरं लिहिलंत याचा मला अभिमान आहे, आणि आज लिहायचं झालं तर मीही तेच लिहीन. पण मंडळीत तुमच्या त्या दाखल्याची गोष्ट निघते तेव्हा आईच्या मशीनची निघत नाही. ती काढायला हवी.

आणि ज्यांनी कागदावर एक आणि रविवारी एक असं केलं, त्यांना आपल्याकडे फार बोल लावतात. मला नाही लावावासा वाटत. त्यांच्याकडे शिवणाचं मशीन नसेल.

आता आई, तुझी पाळी. रागावू नकोस.

गेल्या गणपतीत तू इथे होतीस. समोरच्या काकू मोदक घेऊन आल्या तेव्हा तू दारातच सांगितलंस, आम्हांला प्रसाद चालत नाही. चांगल्या शब्दांत सांगितलंस, मी ऐकत होते. काकूही "हो का, बरं बरं" म्हणाल्या आणि ताट घेऊन गेल्या. या काकू कोण, तर माझ्या रात्रपाळीला ज्यांनी माझ्या पोरीला तापात मांडीवर घेऊन रात्र जागून काढली त्या. यंदा गणपतीत त्या पुन्हा आल्या, हातात स्टीलचा डबा. म्हणाल्या, "करुणा, हे नैवेद्य दाखवायच्या आधीच काढून ठेवलेत. हे चालतील ना तुला?"

आई, तुला कळतंय का त्यांनी काय केलं? नैवेद्याआधी काही काढायचं नाही, चवसुद्धा बघायची नाही, हा त्यांचा नेम. सासूबाईंपासून चालत आलेला. माझा विवेक स्वच्छ राहावा म्हणून त्या बाईने स्वतःचा नेम मोडला आणि तो डबा पदराखाली झाकून आणला, घरच्यांनी बघू नये म्हणून.

मी त्यांना आत बसवलं आणि मोदक त्यांच्यासमोर खाल्ले. सांगितलं, काकू, पुढच्या वर्षी असं करू नका, तुमच्या रीतीप्रमाणे होऊ दे, मी माझ्या देवाचे आभार मानून खाईन. आता बाबा लगेच शास्त्र उघडतील म्हणून मीच लिहिते. बायबलातलं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १०. पौल म्हणतो, कुणी जेवायला बोलावलं तर पुढे वाढलेलं खा, चौकशा करत बसू नका. आणि हो, पुढचं वचनही वाचलंय मी. हे अर्पण केलेलं आहे असं कुणी सांगितलं तर खाऊ नका, सांगणाऱ्याच्या विवेकासाठी. त्याच्या विवेकासाठी, बाबा. आपल्या नाही. काकूंच्या विवेकाचं काय झालं त्या दिवशी, हे मला पौलाला विचारायला आवडलं असतं. आरतीला मी उभी राहत नाही, हात जोडत नाही, ते काकूंनाही माहीत आहे आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. मंडळाची वर्गणी मात्र देते. त्याच मंडळाच्या पोरांनी २६ जुलैच्या पुरात कमरेएवढ्या पाण्यातून म्हाताऱ्या माणसांना वर आणलं होतं, असं इथले जुने लोक सांगतात. यावर आपलं एकमत होणार नाही. नको होऊ दे. पण यंदा तू आलीस की काकूंकडे जाऊन बस थोडा वेळ, एवढं माझं ऐक.

उपासनेचं. स्लॅबचं काम रविवारी आलं की भायखळ्याच्या आपल्या चर्चला जाणं होत नाही, हे खरं आहे. मग शनिवारी संध्याकाळी तुमच्या जावयांबरोबर त्यांच्या कॅथलिक चर्चमध्ये मिस्साला जाते. आई, तुला ते पटत नाही, "आपली उपासना सोडून रोमन लोकांकडे कशाला" म्हणतेस. ते वसईचे, त्यांची माळ चालू असते, माझी उघड्या डोळ्यांनी प्रार्थना चालू असते, आणि पोरगी मध्ये बसून दोघांना विचारते की देव कुणाचं आधी ऐकतो. चाललंय आमचं. रविवार मोकळा असला की भायखळा ठरलेला. तिथे बाकावर बसून मराठीत गाणं म्हटलं की आठवडाभराचा धुरळा बसतो. ते मी सोडलेलं नाही, सोडणारही नाही. साइटवर देव भेटतो, मग मंडळी कशाला, असं म्हणणारे लोक मला भेटतात. मला ते खरं वाटत नाही. मंडळीत बसल्याशिवाय मला त्या ड्रायव्हरचा चेहरा दिसलाच नसता. मी चलन फाडून घरी गेले असते.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं.

बाबा, ताईने सांगितलं मला. मोतीबिंदूसाठी बाजूला ठेवलेले पैसे तुम्ही मंडळीच्या छपराच्या पत्र्यांना देऊन टाकलेत आणि आईला म्हणालात, डोळा काय, वर्षभर थांबेल, पिकू दे. मोतीबिंदू पिकायची वाट बघायची पद्धत केव्हाच मागे पडली. उलट फार पिकला की काढायला अवघड जातो. आणि तुमचा डोळा थांबलाय, म्हणजे कोण धावतंय? आई. तुम्हांला संध्याकाळचं वचन वाचून दाखवते आई, पायरी सांगते आई, भाजीतली अळी बघते आई, आणि रात्री तुम्ही मोरीकडे निघालात की दिवा लावायला उठते आई, त्याच गोळे येणाऱ्या पायांनी. दान तुम्ही दिलंत. हप्ता ती भरतेय.

मार्काचं शुभवर्तमान, अध्याय ७ तुम्हीच आम्हांला पाठ करायला लावला होता. देवाला वाहिलंय असं सांगून आईबापांना द्यायचं टाळणाऱ्यांना प्रभू काय म्हणाला ते. तिथे बायकोचं नाव नाही, हे मान्य. पण तुम्ही चाळीस वर्षं मास्तरकी केलीत, एका उदाहरणावरून दुसरं सोडवायला तुम्हीच शिकवलंत.

छपराचे पैसे परत मागायचे नाहीत. दिलं ते दिलं. पाळकसाहेबांशी मी बोलले, त्यांना या डोळ्याचं काही ठाऊकच नव्हतं, बिचारे ओशाळले. ऑपरेशनचा खर्च ताई आणि मी मिळून करतोय, आणि तो आमचा मंडळीला द्यायचा दशांश आहे असं समजू नका, तो वेगळा चालू आहे. आधी एक डोळा करतील, त्याच दिवशी घरी सोडतात, मग काही आठवडे वेळेवर थेंब घालायचे. दुसऱ्याचं डॉक्टर सांगतील तसं.

शुक्रवारी रात्री तुमचे जावई गाडी घेऊन येतील. शनिवारी पहाटे निघायचं, म्हणजे माळशेजला ऊन चढायच्या आत पार होता येईल. आई, बाबांचं आधारकार्ड, साखरेच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि मागचे रिपोर्ट एका पिशवीत घालून ठेव, डॉक्टर आधी साखर बघतात. बाबांनी नाही म्हटलं तर मला सांगू नकोस, सरळ जावयांना सांग. त्यांच्यासमोर बाबा भिडेला पडतात. आणि येताना बाजरीचं पीठ थोडं जास्त आण, काकूंनाही द्यायचंय.

तुमची,
करुणा